शुगर आहे आणि खांदा, बोटं, पाऊल कुरकुरतंय? घरी काय बघायचं आणि पुढे काय करायचं

शुगरवाल्या माणसाला विचारा डोळे तपासले का, तर लगेच सांगेल हो, ड्रॉप्स टाकून पडदा बघितला, लघवीतलं प्रोटीन तपासलं, ईसीजी पण झाला. मग विचारा हात पूर्ण वर जातो का? "जातो की, थोडा कमी जातो, पण ते आता वयामुळे." मी फिजिओथेरपीचं काम करते आणि हे 'वयामुळे' मला पन्नाशी न गाठलेल्या माणसांकडून ऐकायला मिळतं, आणि बरेचदा त्याच घरात सत्तरीच्या सासूबाई माळ्यावरचा डबा स्वतः काढत असतात. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या अभ्यासाप्रमाणे भारतात १०.१ कोटी लोकांना डायबेटिस आहे, म्हणजे प्रत्येकाच्या नात्यात कोणी ना कोणी आहेच, तरी सांध्यांबद्दल ना पेशंट बोलतो ना ओपीडीच्या गर्दीत कोणी विचारतं. म्हणून हे लिहितेय. टाइप टू असलेल्यांनी स्वतःसाठी वाचा, नाहीतर आईबाबांना समोर बसवून एकेक करून घ्या.

हे होतं कशामुळे, थोडक्यात

साखर बराच काळ जास्त राहिली की ती शरीरातल्या प्रोटीनला चिकटत जाते. तीन महिन्यांची शुगर म्हणजे एचबीएवनसी आपण तपासतो ना, ती हिमोग्लोबिनला चिकटलेली साखरच असते. पण हिमोग्लोबिन असतं लाल पेशीत आणि लाल पेशी जेमतेम चार महिने जगते, मग नवीन येते, पाटी कोरी. सांध्याभोवतीचं आवरण, स्नायूंच्या दोऱ्या, हातापायाची कातडी हे सगळं मात्र कोलाजेन नावाच्या धाग्यासारख्या प्रोटीनचं, आणि ते वर्षानुवर्षं तेच राहतं. त्याच्यावर साखर साचत गेली की धागे एकमेकांना चिकटतात, हाताला पाक लागून वाळल्यावर बोटं कशी ओढल्यासारखी होतात तसं काहीतरी आतून होतं. म्हणूनच शुगर या महिन्यात कंट्रोलमध्ये आली म्हणून खांदा पुढच्या महिन्यात सुटेल असं नसतं, पण पुढचं साचणं थांबतं आणि ते फार मोठं आहे. यात भर म्हणजे नसा बधिर होतात त्यामुळे दुखायला पाहिजे तिथे दुखत नाही, आणि वजन जास्त असेल तर गुडघे आणि टाचा ते वाहत असतात.

आधी हात बघा

सुरुवात नमस्कारापासून. देवापुढे घाईत करतो तसा नाही, नीट करायचा. हात छातीसमोर, कोपरं खांद्याच्या रेषेत बाहेर, आणि तळवा तळव्याला, बोट बोटाला पूर्ण टेकवायचं. दुसऱ्या कोणाला तरी बाजूने बघायला सांगा. बोटांच्या मधल्या सांध्यांमध्ये फट राहतेय, पलीकडचा उजेड दिसतोय, कितीही दाबलं तरी बोटं टेकत नाहीत, असं असेल तर सांधे आखडायला लागलेत. खात्री करायला तळहात टेबलावर पालथा ठेवा, बोटं पूर्ण सपाट बसली पाहिजेत. यात दुखत काहीच नाही, तोच घोळ आहे, दुखत नाही म्हणून लक्ष जात नाही. हाताच्या मागची कातडी पण बघा, चिमटीत धरायला गेलं तर जाड, घट्ट, मेणचट लागते का.

फट दिसली म्हणून घाबरून जायचं कारण नाही, पण एक काम लगेच करा. ज्यांचे हात असे आखडतात त्यांच्यात डोळ्यांच्या पडद्याचे आणि किडनीचे त्रास जास्त सापडतात, तेव्हा त्या दोन तपासण्या राहिल्या असतील तर उरकून टाका. आणि कधी कुठलं ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना ही फट दाखवा, कारण मान आणि जबड्याचे सांधे पण असेच घट्ट असू शकतात आणि श्वासाची नळी टाकताना त्यांना ते आधी माहीत असलेलं बरं.

उपाय म्हणाल तर रोजचा ताण. कोमट पाण्यात हात बुडवून (पाणी किती गरम ते दुसऱ्याने बघायचं, का ते खाली सांगते) मग तोच नमस्कार हळूहळू दाबून अर्धा मिनिट धरायचा, सोडायचा, परत. नंतर मूठ पूर्ण मिटणं, मग बोटं आकड्यासारखी वाकवणं, मग पूर्ण सरळ. दिवसातून दोन-तीनदा. चार दिवसांत काही दिसणार नाही, महिने लागतात, आणि पूर्ण आधीसारखं होईल असं मी कोणाला सांगत नाही.

बोट अडकणं हा वेगळा प्रकार. सकाळी उठल्यावर मूठ उघडताना अनामिका किंवा अंगठा वाकलेलाच राहतो, दुसऱ्या हाताने ओढला की टक्क करून सुटतो. कणीक मळताना, कुकरचं झाकण लावताना, पिशवी उचलताना जास्त. तळहातावर त्या बोटाच्या मुळाशी दाबून बघा, वाटाण्याएवढी गाठ लागते आणि बोट हलवलं की ती पण सरकते. याला ट्रिगर फिंगर म्हणतात. टक्क वाजवायची सवय लागते काही जणांना, दिवसभर वाजवत बसतात, ते बंद करा, त्याने आणखी सूज येते. रात्री बोट सरळ राहील असा छोटा स्प्लिंट घालून झोपायचं, मेडिकलमध्ये मिळतो. नाही जमलं तर त्या जागी स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात, पण शुगरवाल्यांना त्याचा फायदा इतरांपेक्षा कमी होतो आणि त्रास परत येण्याचं प्रमाणही जास्त, हे आधीच माहीत असू द्या म्हणजे डॉक्टरांवर राग निघणार नाही. शेवटचा उपाय म्हणजे तेवढी जागा बधिर करून दोरीवरचा पट्टा मोकळा करायचं छोटं ऑपरेशन, आणि खरं सांगू का, वर्षभर बोट ओढत बसण्यापेक्षा ते बरं.

मुंग्यांचं आता. हात उलटे जोडा, म्हणजे मनगटं खाली वाकवून हाताच्या पाठी एकमेकींना टेकवा आणि एक मिनिट धरा. अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिकेचा अर्धा भाग एवढ्यातच मुंग्या आल्या, करंगळी मात्र साफ, तर मनगटात नस दबतेय. अशी माणसं रात्री उठून हात झटकत बसतात, मोबाइल कानाला धरला की हात बधिर होतो, स्कूटर चालवताना हँडल बदलत राहतात. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून बघा, सुरुवातीचं असेल तर पुष्कळ फरक पडतो. अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा बसका झाला असेल किंवा ब्लाऊजचे हूक, शर्टाची बटणं हातातून निसटत असतील तर पट्टा बांधून वाट बघू नका, नसांची तपासणी करून घ्या. पण मुंग्या दोन्ही हातांना सगळ्या बोटांत आणि त्याआधीपासून पायांना पण असतील तर प्रकरण मनगटाचं नाही, नसांचं आहे. आणि मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बरीच वर्षं चालू असेल, त्यात जेवण शाकाहारी, तर बी-ट्वेल्व्ह तपासा, मेटफॉर्मिनने ते कमी होतं आणि मुंग्या त्याच्याही असतात.

तळहातावर गाठी आणि दोरीसारखे ताण येऊन बोट आत ओढलं जाणं हे पण शुगरमध्ये दिसतं, आपल्याकडे तसं कमी. हात टेबलावर सपाट बसायचा बंद झाला की सर्जनला दाखवा, एवढंच.

खांदा

याच्यावर जरा जास्त बोलते, कारण सगळ्यात जास्त छळतो तोच. साधारण लोकसंख्येत फ्रोजन शोल्डर, म्हणजे खांदा जाम होणं, शंभरात दोन ते पाच जणांना होतो, शुगरवाल्यांत दहा ते वीस जणांना. चाळीस ते साठ या वयात जास्त, बायकांना जास्त, थायरॉइड असेल तर आणखी. काही जणांना खांदा आधी धरतो आणि त्याच्यासाठी रक्त तपासलं तेव्हा कळतं की शुगर पण आहे.

ओळखायचा कसा ते सांगते. दोन्ही कोपरं कमरेला चिकटवा, हात काटकोनात पुढे, आणि कोपर न सोडता दोन्ही पंजे बाहेरच्या बाजूला उघडा. एक हात नीट उघडतो आणि दुसरा मध्येच अडकतो, आणि दुसऱ्या कोणी हळूच उघडायला गेलं तरी पुढे जात नाही, तर तो फ्रोजन असण्याची शक्यता बरीच. नुसता स्नायू दुखावला असेल तर स्वतःला जमत नाही पण दुसऱ्याने उचलला की हात जातो, इथे कोणाच्यानेच जात नाही. दुसरं म्हणजे हात मागे नेऊन अंगठा पाठीवर किती वर पोचतो ते दोन्ही बाजूंनी बघा. घरातली लक्षणं तर तुम्हाला माहीतच आहेत, मागच्या खिशातलं पाकीट निघत नाही, वेणी घालता येत नाही, दोरीवर कपडे टाकताना कळ येते, बसमध्ये वरची दांडी धरवत नाही, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही.

हा त्रास तीन टप्प्यांत जातो. आधी दुखणं खूप आणि हालचाल कमी कमी होत जाते, मग दुखणं ओसरतं पण खांदा जाम, मग हळूहळू सुटतो. सगळं मिळून एक ते तीन वर्षं, शुगर असेल तर जास्त वेळ, आणि थोडासा कडकपणा मागे राहू शकतो. एक्सरे बहुतेक वेळा नॉर्मल येतो. मग लोक म्हणतात एक्सरेत काही नाही म्हणजे काही नाही, आणि इथेच सहा महिने जातात.

आता करायचं काय, तर टप्प्याप्रमाणे. दुखणं भरात असताना ओढाताण अजिबात नको. मालिशवाल्याकडून हात खेचून घेणं, "एकदाच झटका देतो मोकळा होईल" असले प्रकार तर मुळीच नको, मी अशा झटक्यानंतर आलेले खांदे बघितलेत. या काळात टेबलावर चांगला हात टेकवून पुढे वाका, दुखरा हात लोंबता सोडा आणि अंगाच्या झोक्याने तो पुढेमागे आणि गोल हलू द्या, खांद्याने जोर लावायचा नाही. दुखणं ओसरलं की मग भिंतीवर बोटांनी चढायचं, पेन्सिलने खूण करा आणि रोज खुणेपर्यंत तरी पोचा. काठी दोन्ही हातांत आडवी धरून चांगल्या हाताने दुखऱ्याला बाहेर ढकला, कोपर कमरेलाच. पंचा पाठीमागे तिरका धरून वरच्या हाताने खालचा हात वर ओढा, आंघोळीनंतर पाठ पुसतो तसा. पाच-दहा मिनिटं, दिवसातून तीन वेळा. ताण जाणवला पाहिजे, पण व्यायाम थांबवल्यावर अर्ध्या तासाच्या वर दुखत राहिलं तर तो जास्त झाला, उद्या कमी करा. आठवड्यातून एकदा क्लिनिकला येऊन तासभर करणाऱ्यांपेक्षा घरी रोज तुकड्यातुकड्यात करणाऱ्यांचा खांदा लवकर सुटतो, हे मी माझा धंदा बुडवून सांगतेय.

सुरुवातीच्या टप्प्यात सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन चांगलं काम करतं, रात्रीची झोप परत येते. पण शुगर वाढते, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल तर मी सांगते. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवसापासून चढायला लागते, दोन-तीन दिवस वर राहते, कोणाकोणाची आठवडाभर. तेव्हा इंजेक्शनआधीच शुगरच्या डॉक्टरांना फोन करून विचारून ठेवा की आकडा कितीच्या वर गेला तर काय करायचं, आणि त्या आठवड्यात घरच्या मशीनवर दिवसातून तीन-चारदा बघा. एचबीएवनसी मुळातच खूप वर असेल तर डॉक्टर आधी ती खाली आणायला सांगतील, त्यात त्यांचं चुकत नाही. एवढं करूनही खांदा हललाच नाही तर सांध्यात पाणी भरून आवरण ताणणं किंवा दुर्बिणीतून ते मोकळं करणं असे पुढचे मार्ग आहेत.

पाऊल: इथे मात्र थांबायचं नाही

वरचं सगळं चार दिवस इकडेतिकडे झालं तरी चालेल, हे नाही चालणार. एक पाऊल सुजलंय, लाल दिसतंय, दुसऱ्यापेक्षा गरम लागतंय, आणि दुखणं मात्र नाही किंवा सुजेच्या मानाने फारच किरकोळ. जखम नाही, ताप नाही. "अहो मॅडम, दुखत नाहीये ना, मग काय एवढं, गरम पाण्यात पाय ठेवतोय मी." हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

याला शार्को फूट म्हणतात. शार्को नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८६८ मध्ये नसा खराब झालेल्या सिफिलिसच्या पेशंटमध्ये असे मोडके सांधे वर्णन करून ठेवले, डायबेटिसशी त्याचा संबंध १९३६ मध्ये मांडला गेला. होतं असं की पावलाच्या नसा बधिर, त्यामुळे कुठेतरी पाय मुरगळला, बारीक फ्रॅक्चर झालं तरी कळत नाही, माणूस चालत राहतो, आत सूज आणि हाड ठिसूळ होणं चालू राहतं, आणि बघता बघता पावलाची कमान खाली बसते, तळवा होडीच्या तळासारखा फुगीर होतो. मग त्या फुगलेल्या जागी घर्षण, जखम, इन्फेक्शन आणि पुढचं बोलायला नको.

तपासायचं सोपं आहे, हाताची मागची बाजू दोन्ही पावलांवर एकाच जागी ठेवून बघा, तळहाताने नको, मागच्या बाजूला तापमान चांगलं कळतं. ज्याला शुगर आहे त्याच्या स्वतःच्या हाताला पण कळत नसेल, म्हणून दुसऱ्याने बघितलेलं बरं. डॉक्टरांकडे थर्मामीटर असतो, दोन पावलांत दोन डिग्री सेल्सिअसच्या वर फरक आला की ते सावध होतात. सुरुवातीला एक्सरे नॉर्मल येऊ शकतो, तेव्हा "एक्सरे क्लिअर आहे" ऐकून घरी चालत येऊ नका, एमआरआयची गरज आहे का विचारा. आणि हे बऱ्याचदा इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिकवर किंवा गाऊट (युरिक ॲसिडने सांधा सुजणं) म्हणून गोळ्यांवर चालत राहतं, म्हणून तुम्ही स्वतःच शब्द उच्चारा, "शार्को तर नाही ना?" डॉक्टर रागावत नाहीत, रागावले तरी पाऊल तुमचं आहे.

शंका आली त्या क्षणापासून त्या पायावर वजन टाकायचं बंद. मालिश नाही, शेक नाही, जरा चाललं की मोकळा होईल नाही. बरं करायचा मार्ग म्हणजे पूर्ण पायाला बसेल असं प्लास्टर घालून महिनोन्महिने पाय वाचवणं, कंटाळवाणं आहे पण पावलाचा आकार वाचतो.

बाकीच्यांनी, म्हणजे ज्यांचं पाऊल आज ठीक आहे त्यांनी, रोज रात्री आरशात तळवे बघायचे, बोटांच्या बेचक्या बघायच्या, चप्पल घालण्याआधी उलटी करून झटकायची. तळव्याची जाणीव कमी झाली असेल तर मऊ तळाच्या एमसीआर (एक प्रकारचं मऊ रबर) चपला घ्या, मागे पट्टा असलेल्या, आणि घरात पण घाला. नवरात्रात अनवाणी राहायचं व्रत, देवळाच्या तापलेल्या फरशीवरून प्रदक्षिणा, वारीत कोणीतरी करतं म्हणून चपला सोडणं, हे ज्यांच्या तळव्यांना जाणीव नाही त्यांनी कृपा करून करू नका, तळव्याला फोड आलेला कळतो तो दुसऱ्या दिवशी पायमोजा रक्ताने भरल्यावर.

गुडघे, गाऊट आणि बाकी

गुडघ्याची झीज शुगर नसलेल्यांना पण होते, फक्त टाइप टूमध्ये वजनामुळे ती लवकर गाठते. वजन एक किलो उतरलं की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो, हा हिशोब मला स्वतःला फार आवडतो कारण पाच किलो कमी करणं पेशंटला जमण्यासारखं वाटतं. सोबत मांडीचा पुढचा स्नायू. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, पाच ते दहा आकडे मोजायचे, सोडायचं, दहा वेळा. मांडी घालून बसणं आणि उकिडवं बसणं दुखत असताना टाळा. हल्ली सेमाग्लुटाइडसारख्या इंजेक्शनांनी वजन झपाट्याने उतरतं, त्यात स्नायू पण उतरतात, तेव्हा डाळी, अंडी, दही जे चालत असेल ते आणि स्नायूंचा व्यायाम सोडायचा नाही. किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन किती ते डॉक्टरांना विचारून.

स्नायू किती उरलेत ते बघायला साध्या खुर्चीवर बसा, हात छातीवर बांधा, आणि पाच वेळा उठा-बसा. बारा सेकंदांच्या वर लागले तर पायांची ताकद कमी झालीय. हाडांचं पण गमतीशीर आहे, टाइप टूमध्ये हाडांच्या स्कॅनचा आकडा चांगला येतो आणि तरी फ्रॅक्चर जास्त होतात, म्हणून रिपोर्ट चांगला म्हणून बिनधास्त राहू नका, रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा ठेवा.

रात्री अचानक पायाचा अंगठा असा ठणकतो की चादर लागलेली सहन होत नाही, तो गाऊट. बीपीच्या गोळीत पाणी काढणारं औषध मिसळलेलं असेल तर युरिक ॲसिड वाढू शकतं, गोळी स्वतःहून बंद न करता विचारा. ॲटॅक चालू असताना युरिक ॲसिड नॉर्मल येऊ शकतं, नंतर परत तपासा. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, चालू केल्यावर दोन्ही मांड्या, पिंढऱ्या दुखायला लागल्या तर तेही सांगा, आणि त्यासोबत लघवी गडद, चहासारखी झाली तर त्याच दिवशी दवाखाना. एकाच मांडीत प्रचंड दुखून ताकद जातेय, वजन उतरतंय, जिना चढवत नाही, याचंही कारण शुगर असू शकतं, न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. पाठ वर्षानुवर्षं काठीसारखी ताठ होत गेली तर कण्यापुढचा पट्टा हाडासारखा कडक होण्याचा एक प्रकार असतो, एक्सरेत दिसतो, त्याला फार काही करावं लागत नाही.

गोळ्या, शेक आणि चूर्णाच्या पुड्या

डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या पेनकिलर गोळ्या मेडिकलवाल्याकडून सुट्या घेऊन खायच्या नाहीत. शुगरने किडनीवर आधीच ताण, त्यात बीपीची टेल्मिसार्टनसारखी गोळी आणि पाणी काढणारं औषध चालू, त्यावर ही पेनकिलर, म्हणजे किडनीवर तिन्ही बाजूंनी. पॅरासिटामॉल ठरलेल्या डोसमध्ये जास्त सुरक्षित, आणि एखाददुसऱ्या सांध्यासाठी पेनकिलरचं जेल लावलं तर पोटात फार कमी जातं.

गुडघेदुखीची जादूची पुडी, कुठल्यातरी गावचं चूर्ण, दोन दिवसांत माणूस पळायला लागतो. इतक्या लवकर फरक पडला की संशय घ्या, अशा पुड्यांमध्ये न सांगता स्टिरॉइड घातल्याचे प्रकार सापडलेले आहेत. शुगर अचानक वर, तोंड सुजल्यासारखं गोल, ही खूण. आणि महिनोन्महिने घेत असाल तर रागाने एकदम बंद पण करू नका, पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, स्टिरॉइड एकदम तोडणं धोक्याचं असतं.

शेक खांद्याला, गुडघ्याला चालतो, पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून, पंधरा मिनिटं, आणि आधी जाणीव असलेल्या माणसाच्या कोपराला लावून बघून. पावलांना शेक नाही, गरम पाण्याची बादली नाही, शेगडी नाही. बधिर तळव्याला भाजतं तेव्हा कळत नाही.

व्यायाम करताना शुगरचं गणित

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर व्यायामाने शुगर खाली जाऊ शकते, कधीकधी काही तासांनी. रिकाम्या पोटी नको. घाम, थरथर, चिडचिड झाली की आधी शुगर बघा, सत्तरच्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या आणि पंधरा मिनिटांनी परत बघा, मशीन जवळ नसेल तर बघत बसू नका, साखर घ्या. आकडा तीनशेच्या आसपास आणि अंगात बरं नाही, तर त्या दिवशी जोराचा व्यायाम राहू द्या. डोळ्यांच्या पडद्यावर नवीन रक्तवाहिन्या आल्यात असं सांगितलं असेल तर श्वास रोखून वजन उचलणं आणि डोकं खाली करायची आसनं नकोत. बाकी आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं आणि दोन-तीन दिवस ताकदीचे व्यायाम, पावलाला जखम असेल तर चालण्याऐवजी बसून हातांचे.

डॉक्टरांकडे जाताना

एक सांधा लाल, गरम, प्रचंड दुखतोय आणि ताप आहे, तर रात्र असली तरी हॉस्पिटल, सांध्यात पू झाला असू शकतो. गरम सुजलेलं न दुखणारं पाऊल त्याच दिवशी. जाणीव जाणं, हातातून वस्तू पडणं या आठवड्यात. खांदा, बोटं यांना दोन-तीन आठवडे घरी करून फरक नाही तर अपॉइंटमेंट घ्या, आधी ऑर्थोपेडिक, पण शुगरच्या डॉक्टरांना कळवून.

सोबत सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या, नावं सांगून चालत नाही, "ती पांढरी छोटी" असं म्हणतात लोक. शेवटची एचबीएवनसी, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि युरिक ॲसिडचे रिपोर्ट, आणि नमस्काराचा आणि हात मागे नेलेला असे दोन फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा, तीन महिन्यांनी परत काढले की फरक पडला की नाही त्यावर भांडण राहत नाही. आणि पाय दाखवायचा असेल तर रोजच्या झिजलेल्या चपला घालून या, बाहेर जायचं म्हणून नवीन नको, सोल कुठे झिजलाय त्यावरून तळव्याच्या कुठल्या भागावर जास्त वजन पडतंय ते आम्हाला चपलेकडे बघूनच कळतं.